डब्यावरचे नाव आणि डब्यातले तेल

मोटारीच्या इंजिनात घालायच्या तेलाच्या डब्यावर काय छापलेले असते, हा शेतकऱ्यांच्या अंकाच्या अग्रलेखाचा विषय आहे काय, असे कोणी विचारील. कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचे बिल, बँकेचे कर्ज हे विषय संपले काय? ते संपलेले नाहीत. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यातले बैल कमी झाले आणि दारातली इंजिने वाढली, हेही खरे आहे. ज्याच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नाही तो भाड्याने लावतो, आणि त्या भाड्यात ऑइलचा खर्च धरलेला असतोच. मळणी यंत्र, फवारणीचा पंप, विहिरीवरचे डिझेल इंजिन, मोटारसायकल, सगळ्यांना ऑइल लागते. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला आणि नेमके त्या दिवशी इंजिनाचे काम निघाले, तर पेरणी आठवडाभर मागे पडते. कोरडवाहूत पेरणीचा एक आठवडा म्हणजे कधी कधी सगळे साल. तेव्हा हा विषय शहरातल्या मोटारवाल्यांवर सोडून देण्यासारखा नाही.

दुकानात गेले की तीन डबे समोर येतात. एक साधे ऑइल, दुसरे 'सेमी सिंथेटिक', तिसरे 'फुल सिंथेटिक'. पहिल्याच्या आणि तिसऱ्याच्या किमतीत मोठे अंतर. फरक काय, असे विचारले तर दुकानदार सांगतो, "हे भारी आहे भाऊ, इंजिन लोण्यासारखे चालते." दुकानदाराचा दोष नाही. त्याला तरी कोणी जास्त सांगितलेले असते? कंपनीच्या माणसाने त्याला जे सांगितले तेच तो आपल्याला सांगतो. आपण डबा हातात घेतो, त्यावरचे गाडीचे चित्र पाहतो, आणि पैसे मोजतो.

हाच शेतकरी कापसाची गाडी घेऊन बाजारात जातो तेव्हा काय होते? ओल मोजायचे यंत्र कापसात खुपसले जाते. खरेदी केंद्रावर ओल आठ टक्के धरून भाव, त्यावर कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर गेली तर गाडी परत. १९७२ पासून पुढची तीस वर्षे एकाधिकार खरेदीत ग्रेडरने बोंडे हातात घेऊन, धागा ओढून, कचरा पाहून प्रत ठरवली. त्यात शेतकऱ्याचे किती नुकसान झाले तो हिशेब आपण पुष्कळ वेळा मांडला आहे. आज मुद्दा वेगळा आहे. आपण विकायला गेलो तर माल तपासला जातो. आपण विकत घ्यायला गेलो तर नाव ऐकवले जाते.

'सिंथेटिक' म्हणजे काय?

हा शब्द कापूसवाल्याला नवा नाही. टेरिलिन, टेरिकॉट, पॉलिएस्टर यांनी आपल्या कापसाचे गिऱ्हाईक तोडले, त्या कृत्रिम धाग्याला आपण सिंथेटिक म्हणतो. ऑइलमध्येही मूळ अर्थ तोच. जे निसर्गात जसेच्या तसे मिळत नाही, कारखान्यात रसायनांपासून बांधावे लागते, ते सिंथेटिक.

साधे इंजिन ऑइल जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलापासून होते. खनिज तेलात लहानमोठे, वाकडेतिकडे, मेणचट असे नाना तऱ्हेचे रेणू मिसळलेले असतात. गाळून, धुऊन त्यातले नको ते काढून टाकायचे आणि उरलेले वापरायचे, ही जुनी रीत. सिंथेटिकची मूळ रीत याच्या उलट आहे. इथिलीन वायूपासून सुरुवात करून ठराविक मापाचे रेणू तयार करायचे, ते एकमेकांना जोडायचे आणि एकसारखे तेल बांधायचे. अशा तेलाला पॉलिअल्फाओलेफिन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर साचा घेऊन विटा पाडल्या आणि भिंत बांधली. सगळ्या विटा एका मापाच्या. हे तेल कडाक्याच्या थंडीत गोठत नाही, उष्णतेत लवकर जळत नाही, कमी उडून जाते. त्यामुळे ते महाग.

पुढे या दोहोंच्या मधली एक वाट निघाली. खनिज तेलच घ्यायचे, पण नुसते धुवायचे नाही. प्रचंड दाब, उष्णता आणि हायड्रोजन वायू यांच्या साह्याने त्यातले मेणचट रेणू तोडायचे आणि त्यांची मांडणी बदलायची. म्हणजे खाणीतला दगड आणून तो छिन्नीने घडवून विटेच्या मापाचा करायचा. भिंत जवळपास तशीच सरळ होते, आणि खर्च कमी लागतो.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे 'एपीआय', या संस्थेने मूळ तेलांचे पाच गट पाडलेले आहेत. पहिले तीन गट खनिज तेलापासून काढलेल्या तेलांचे. त्यात तिसरा गट सर्वांत जास्त प्रक्रिया केलेला. त्यात गंधक ०.०३ टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि उष्णतेने तेल किती पातळ होते हे दाखवणारा निर्देशांक १२० किंवा त्याहून वर लागतो. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिनचा. या चारांत न बसणारे ते सगळे पाचव्यात. गट ठरलेले आहेत, त्यांची मापे ठरलेली आहेत. पण 'सिंथेटिक' हा शब्द या गटांतल्या कोणाचा? सगळा झगडा इथे आहे.

१९९९ चा निवाडा

झगडा झाला अमेरिकेत, दोन बड्या तेल कंपन्यांमध्ये. मोबिल कंपनीचे सिंथेटिक ऑइल १९७० च्या दशकापासून बाजारात होते आणि ते चौथ्या गटाच्या तेलाचे होते. कॅस्ट्रॉल कंपनीचे 'सिंटेक' नावाचे सिंथेटिकही आधी त्याच तेलाचे होते. १९९७ च्या अखेरीस कॅस्ट्रॉलने सिंटेकमधले मूळ तेल बदलले आणि त्या जागी तिसऱ्या गटाचे, म्हणजे प्रक्रिया केलेले खनिज तेल घातले. डब्यावरचे नाव तेच राहिले, 'सिंथेटिक' हा शब्दही तोच राहिला.

मोबिलने तक्रार केली. ती कोर्टात नव्हती, तर जाहिरात व्यवसायाने आपल्या जाहिराती आपणच तपासाव्यात म्हणून १९७१ मध्ये उभारलेल्या नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजन या संस्थेकडे होती. मोबिलचे म्हणणे असे की, लहान रेणू जोडून बांधलेले तेच सिंथेटिक. खनिज तेल कितीही घडवले तरी ते खनिज तेलच. कॅस्ट्रॉलचे म्हणणे असे की, आमच्या प्रक्रियेत रेणूंची रचनाच बदलते, निसर्गात नसलेले तेल तयार होते, आणि इंजिनात ते सिंथेटिकचे काम करते. १९९९ मध्ये निवाडा कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. आपल्या तेलाला सिंथेटिक म्हणायला कंपनीकडे वाजवी आधार आहे, असे संस्थेने म्हटले.

या निवाड्याला एक कारण असेही होते की, 'सिंथेटिक' म्हणजे नेमके काय याची पक्की व्याख्या तंत्रज्ञांच्या संस्थांनीच हातात ठेवलेली नव्हती. मोटार इंजिनिअरांच्या संघटनेने १९९० च्या दशकात आपल्या कागदपत्रांतून त्या शब्दाचा संदर्भ काढून टाकला होता. व्याख्या नाही म्हटल्यावर शब्द मोकळा झाला. जो शब्द तेल कशाचे आहे ते सांगत होता, तो तेल किती चांगले आहे असे सुचवू लागला. त्यानंतर अमेरिकेत तिसऱ्या गटाचे तेल 'फुल सिंथेटिक' म्हणून विकणे ही सर्वसाधारण रीत झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तिसऱ्या गटाचे तेल वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. ते चांगले असते. साध्या तेलापेक्षा पुष्कळच चांगले असते. घडवलेल्या दगडाची भिंत विटांच्या भिंतीइतकी टिकूही शकते. पण विटांचे पैसे घेताना 'ही भिंत दगडाची आहे' एवढे सांगायला काय हरकत होती? गिऱ्हाइकाने ऐकून घेतले असते, भाव पाहिला असता, पटले तर घेतले असते. न सांगता बदल केला म्हणजे ठरवण्याचा त्याचा अधिकारच काढून घेतला. दोन कंपन्या भांडल्या म्हणून ही गोष्ट चव्हाट्यावर आली. त्या भांडल्या नसत्या तर डबा घेणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नव्हता.

ट्रॅक्टरवाल्यांची गोष्ट

मोटारवाल्यांचे भांडण शब्दाचे होते. अमेरिकेतल्या ट्रॅक्टरवाल्यांचे प्रकरण त्याहून पुढचे आहे, आणि ते आपण नीट समजून घेतले पाहिजे.

ट्रॅक्टरची लिफ्ट, गिअर आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना मिळून एक तेल लागते, त्याला हायड्रॉलिक ऑइल म्हणतात. जॉन डीअर कंपनीने फार पूर्वी '३०३' नावाचे असे एक तेल काढले होते. त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल असे. १९७३ मध्ये तिथे दुर्मीळ प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, देवमाशाचे तेल वापरणे बंद झाले, आणि १९७० च्या दशकातच '३०३' मागे पडले. कंपनीने त्याच्या जागी एकामागून एक नवी मानके आणली. पण '३०३' हे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसले होते. दुसऱ्या लोकांनी ते उचलले. 'ट्रॅक्टरचे ३०३ तेल' म्हणून पिवळ्या बादल्या पुढची चाळीस वर्षे शेतीमालाच्या दुकानांतून स्वस्तात विकल्या गेल्या. ज्या मानकाचे नाव त्यांवर होते ते मानकच अस्तित्वात नव्हते. ते तेल त्या नावाचे आहे की नाही हे कोणी तपासणार तरी कशावर?

२०१७ मध्ये मिसुरी राज्याच्या शेती खात्याने दुकानांतून हे तेल उचलून तपासले. चालू काळातल्या कोणत्याही ट्रॅक्टर कंपनीच्या मानकाला ते पुरे पडत नाही असे आढळले, आणि राज्याने त्याची विक्री थांबवली. मग शेतकऱ्यांनी दावे लावले. पंप झिजले, गिअर गेले, सील फुटले अशा त्यांच्या तक्रारी होत्या. राज्याराज्यांतले हे दावे २०२० मध्ये मिसुरीतल्या फेडरल कोर्टात एकत्र करण्यात आले.

आणखी एक प्रकरण याच्याच जोडीचे. डॉलर जनरल या स्वस्त मालाच्या दुकानांच्या साखळीत त्यांच्याच छापाचे मोटार ऑइल मिळे. पुढच्या बाजूला ठळक नाव. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले की, एक प्रकार १९३० नंतरच्या आणि दुसरा १९८८ नंतरच्या बहुतेक गाड्यांना योग्य नाही. आज रस्त्यावर १९८८ च्या आधीच्या गाड्या किती असणार? गिऱ्हाइकांनी दावे केले, आणि २०२१ मध्ये दोन कोटी पंच्याऐंशी लाख डॉलरची तडजोड झाली. खरे ते मागे छापलेले होते, ही गोष्ट मान्य करूनही. कारण डब्याच्या पुढच्या बाजूने दिलेले वचन मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत परत घेता येत नाही.

कापूसवाल्याला हे लगेच कळावे

टेरिकॉटचे कापड आठवा. त्याच्या किनारीवर छाप असे: ६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के कापूस. ज्याला घ्यायचे त्याने घेतले, ज्याला सुतीच पाहिजे होते त्याने सुती घेतले. समजा, उद्या एखादी गिरणी म्हणाली की, आमचे पॉलिएस्टर इतके मऊ झाले आहे, घाम इतका टिपते, की आम्ही आता त्यालाच 'शुद्ध सुती' म्हणणार. अंगावर घातल्यावर सुतीसारखेच वाटते ना, मग झाले. विदर्भ-मराठवाड्यातला एकही कापूस उत्पादक हे ऐकून घेईल काय? आपण म्हणू, तुझे कापड चांगले असेल, विक. पण आमचे नाव लावू नकोस.

खताच्या गोणीकडे पाहा. डीएपीच्या गोणीवर १८:४६ असते, युरियावर नत्र ४६ टक्के असते. कीटकनाशकाच्या बाटलीवर औषधाचे नाव आणि त्याचे टक्के असतात, विषाच्या तीव्रतेचा रंगीत त्रिकोण असतो. बियाण्याच्या पिशवीवर उगवण किती टक्के ते लिहिलेले असते. हे सगळे असूनही बोगस खत आणि बोगस बियाणे येतेच, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण आकडा छापलेला असला की भांडायला जागा राहते. सत्तर टक्के म्हणून लिहिलेस, चाळीसच उगवले, असे म्हणता येते. 'फुल सिंथेटिक' या दोन शब्दांशी काय भांडणार? आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे डब्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, किती लिटर, कोणत्या महिन्याचा माल आणि जास्तीत जास्त किंमत छापावी लागते. पण आत कोणत्या गटाचे तेल किती, हे सांगायला ते नियम भाग पाडत नाहीत.

बाजार खुला, डबा बंद

काही मित्र विचारतील, परवाने आणि इन्स्पेक्टर यांच्याविरुद्ध आयुष्यभर लढलेली आपली चळवळ आता सरकारला डब्यावर पहारा बसवायला सांगणार की काय? नाही. ऑइलची किंमत सरकारने ठरवावी असे आम्ही म्हणत नाही. कोणते तेल विकावे, कोणते विकू नये, हेही सरकारने ठरवू नये. १९९० च्या दशकात खुलीकरणानंतर परदेशी छापाची तेले आली, स्पर्धा वाढली, त्याचे आपण स्वागतच केले.

पण खुला बाजार म्हणजे फसवण्याची मोकळीक नव्हे. घेणारा आणि देणारा यांच्यात जो सौदा होतो तो दोघांना माल ठाऊक असेल तरच मोकळा सौदा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हे दाखवले, आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असली की घेणारा चांगल्या मालालाही चांगला भाव देत नाही. मग चांगला माल आणणारा बाजारातून उठून जातो आणि हलका माल उरतो. याचा अर्थ, नाव झाकले की नुकसान एकट्या गिऱ्हाइकाचे होत नाही. खरे तेल करणाऱ्या कारखानदाराचेही होते. पारदर्शकता ही व्यापाऱ्यावर लादलेली शिक्षा नाही, ती बाजाराची मुळे आहेत.

आपल्या हातात काय आहे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर डबा उलटा करून मागची बाजू वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. तिथे दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली, दाटपणाचा क्रमांक. १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. मागचा ४० हा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहते ते सांगतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला आहे. १५डब्ल्यूच्या तेलाची थंडीतली परीक्षा उणे २० अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. बर्फातून धावणारी गाडी जाहिरातीत दाखवतात ती याचसाठी. विदर्भ-मराठवाड्यात कडाक्याच्या थंडीतही पारा उणे २० च्या जवळपास फिरकत नाही. तेव्हा त्या गुणाचे जादा पैसे मोजण्याआधी आपल्या इंजिनाला तो लागतो काय, हे पाहावे. इंजिन बनवणाऱ्याने पुस्तिकेत ५डब्ल्यूच सांगितले असेल तर तेच घालावे. नसेल सांगितले, तर नुसत्या चित्राला भुलू नये.

दुसरी, दर्जाची अक्षरे. एपीआयच्या दर्जात डिझेल इंजिनांसाठी पहिले अक्षर 'सी' असते आणि पेट्रोलसाठी 'एस'. डिझेलमध्ये सीएफ-४ हा १९९० च्या सुमाराचा दर्जा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ चा. अक्षर पुढचे तितका दर्जा नवा. सीआय-४ चे साधे ऑइल हे कोणतेच अक्षर नसलेल्या 'सिंथेटिक'पेक्षा भरवशाचे. अक्षरे छापली म्हणजे परवाना असतोच असेही नाही. एपीआयचा गोल शिक्का परवाना घेतलेल्यालाच लावता येतो. परवानेधारकांची यादी ती संस्था जाहीर करते आणि दुकानांतून डबे उचलून तपासतेही. २०२३ च्या जानेवारीपासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे नियम कडक झाले आहेत. अशा इंजिनाला पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाखालचे ऑइल घालू नये. मोटारसायकलीसाठी 'जासो एमए' ही अक्षरे पाहावीत. तिचा क्लच बहुधा त्याच ऑइलात बुडालेला असतो, आणि मोटारीचे ऑइल घातले तर तो घसरू शकतो.

ऑइल 'सिंथेटिक' आहे म्हणून बदलायला उशीर करू नये. वखरणी आणि मळणीच्या धुळीत चालणाऱ्या इंजिनाचे ऑइल आधी धुळीने आणि काजळीने खराब होते. धुळीला 'सिंथेटिक' हा शब्द वाचता येत नाही. एअर फिल्टर साफ ठेवावा आणि पुस्तिकेतल्या तासांप्रमाणे ऑइल बदलावे. रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला भोक पाडावे किंवा कापावा. नाही तर तोच डबा काळे ऑइल गाळून भरून पुन्हा आपल्याच दारी येतो. आणि पावती घ्यावी. उधारीवर घेतले तरी घ्यावी.

पावती कशाला? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक मंचाकडे दाद मागता येते. पोटापाण्यासाठी स्वतः कष्ट करणाऱ्याने घेतलेला माल कायद्याच्या दृष्टीने व्यापारासाठी घेतलेला ठरत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून तपासण्याची सोय त्या कायद्यात आहे, म्हणून डब्यात थोडे तरी ऑइल शिल्लक ठेवावे. १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे.

बैठकीपुढे

जिल्हा बैठकीत या विषयावर चार मागण्यांचा ठराव व्हावा, असे आम्हाला वाटते.

एक, इंजिन ऑइलच्या डब्यावर मूळ तेल कोणत्या गटाचे आणि किती टक्के, हे ठळक आणि मराठीतही छापावे. ज्याला 'सिंथेटिक' म्हणायचे त्याने कशाच्या आधारावर म्हणतो ते शेजारीच लिहावे.

दोन, जुन्या नावाखाली आतले तेल बदलले तर तसे डब्यावर सांगावे.

तीन, मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टर तपासून त्यांचे अहवाल देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, अकोला आणि परभणीला कृषी विद्यापीठे आहेत. त्यांनी बाजारातून डबे विकत घ्यावेत, तपासावेत आणि निकाल नावानिशी जाहीर करावेत. छापे नकोत, जप्ती नको. निकाल छापून आला की पुरे.

चार, कोणतेही अनुदान मागू नये. किंमत बांधून मागू नये. आपण फक्त खरे मागतो आहोत.

आणि ठराव करताना स्वतःकडेही पाहावे. गाडी भरताना कापसावर पाणी मारणारे, गाठोड्यात वर पांढरा आणि आत कवडी घालणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यापायी सगळ्यांच्या कापसाचा भाव उतरतो. २०२० मध्ये भारताच्या कापसाला 'कस्तुरी' हे नाव दिले गेले. त्या नावाने जाणाऱ्या गाठीचा माग ठेवता यावा अशी त्यामागची योजना आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला आपल्या गाठीचे मूळ जाणून घ्यायचे आहे, आणि त्याचा तो अधिकार आपण मान्य करतो. मग ज्या डब्यासाठी आपण घामाचे पैसे मोजतो, त्यात काय आहे ते विचारण्याचा अधिकार आपला का नसावा?

कापसात यंत्र खुपसून ओल मोजणाऱ्याचा आम्हाला राग नाही. यंत्र खरे असेल तर खुशाल मोजावी. फक्त तेच यंत्र उलट्या बाजूनेही चालले पाहिजे. आमचा माल उघडून पाहणाऱ्यांनी त्यांचा डबाही उघडून दाखवावा, एवढेच म्हणणे आहे.